आठवड्याचा पाठ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानासाठी आम्ही हा विषय निवडला याचे काहींना नवल वाटले असेल. ज्यू धर्मातील हसीद पंथ कोठे आणि आपले मराठी मंडळ कोठे! परंतु घरापासून दूर पडलेल्या समाजाने शब्दांच्या आधारे आपले घर कसे उभे ठेवावे, याचे इतके जुने आणि इतके कसोटीला उतरलेले उदाहरण दुसरे आमच्या पाहण्यात नाही.

तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. त्यांचे ५४ भाग पाडलेले असून दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, ठरलेला भाग चर्मपत्राच्या हस्तलिखित गुंडाळीवरून वाचावयाचा, असा परिपाठ आहे. वर्षाअखेर सिम्हात तोरा या सणाला शेवटचा भाग संपतो आणि त्याच सणात पहिल्या भागाला पुन्हा आरंभ होतो. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ज्यांना कोकणात ‘शनवार तेली’ म्हणत, त्या आपल्या बेने इस्राएल बांधवांच्या प्रार्थनामंदिरांतही हाच क्रम चालतो. ते हसीद नव्हेत. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी याच ग्रंथांतील आख्यानांवर मराठीत कीर्तने रचली, याची येथे आठवण करून देणे अस्थानी होणार नाही.

हसीद पंथ अठराव्या शतकात पूर्व युरोपात उदयास आला. त्याचे प्रवर्तक इस्राएल बेन एलिएझर हे ‘बाल शेम तोव’ या नावाने ओळखले जातात. आजच्या युक्रेनमधील मेझिबोझ या गावी १७६० साली त्यांचे निधन झाले. ग्रंथपांडित्य ही ईश्वराकडे जाण्याची एकच वाट नव्हे, साध्या माणसाची मनःपूर्वक प्रार्थनाही तेथे पोहोचते, हा त्यांचा उपदेश. वारकऱ्यांच्या परंपरेत वाढलेल्या मराठी माणसाला तो परका वाटू नये.

याच पंथातील एक थोर आचार्य श्नेऊर झल्मान (१७४५–१८१२) यांनी आपल्या शिष्यांना सांगितले, की माणसाने काळाबरोबर जगावे. शिष्य बुचकळ्यात पडले. पुढे उलगडा झाला तो असा, की काळ म्हणजे चालू आठवड्याचा पाठ. तो नुसता वाचून भागत नाही. ते सात दिवस त्या पाठाबरोबर जगावयाचे असते.

हे जगणे कसे असते, याची काही उदाहरणे पाहू. वर्षातील दुसरा पाठ नोहाचा. जलप्रलय येणार म्हणून देव नोहाला कुटुंबासह तारवात शिरावयास सांगतो. हिब्रू भाषेत या तारवाला ‘तेवा’ म्हणतात, आणि ‘तेवा’ याचा दुसरा अर्थ शब्द असा आहे. बाल शेम तोव यांनी यावरून सांगितले, की प्रार्थना करताना माणसाने आपल्या सर्वस्वानिशी शब्दाच्या आत शिरावे. तारवाला उजेडासाठी झरोका ठेवण्याची आज्ञा होती, तद्वत शब्दातही उजेड हवा. नुसती जिभेवरून गेलेली प्रार्थना म्हणजे दार न उघडलेले तारू होय.

त्याच नोहावर हसीदांनी एक ठपकाही ठेवला आहे. कडाक्याच्या थंडीत खोली गार पडली, तर दोन उपाय असतात. एक जण अंगावर फरचा कोट चढवितो, दुसरा शेगडी पेटवितो. कोटाने एकट्याला ऊब मिळते, शेगडीने खोलीतील सर्वांना. नोहा सज्जन खरा, पण कोटातला सज्जन. त्याने आपले कुटुंब तेवढे वाचविले. उलट अब्राहामाने परक्या सदोम नगरासाठी देवाशी रदबदली केली.

तिसरा पाठ या अब्राहामाचा. देश, जन्मस्थान आणि पित्याचे घर सोडून, मी दाखवीन त्या देशी जा, अशी त्याला आज्ञा होते. केंद्र सरकारच्या नोकरीतील आम्हां मंडळींना बदलीचे हुकूम नवे नाहीत. पण त्यांत निदान ठिकाणाचे नाव तरी असते! या आज्ञेचे मूळ शब्द ‘लेख लेखा’ असे आहेत. त्यांचा अक्षरशः अर्थ ‘स्वतःकडे जा’ असाही होतो, आणि हसीद आचार्यांनी तोच धरला. घर सोडणे म्हणजे स्वतःला गमावणे नव्हे. किंबहुना मुळाशी जाणारी वाट कधीकधी परमुलखातूनच जाते.

हे सर्व सुखाच्या दिवसांतले तत्त्वज्ञान, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर वॉर्सात मिळाले. पियासेच्नो येथील हसीद गुरू कलोनिमस कल्मान शापिरा यांनी सप्टेंबर १९३९ च्या बाँबहल्ल्यांच्या दिवसांत आपला मुलगा आणि सून गमावली. तरीही जुलै १९४२ पर्यंत, ज्यूंना कोंडलेल्या त्या वस्तीत, शब्बाथच्या आणि सणांच्या पाठांवर ते प्रवचने करीत व नंतर लिहून ठेवीत राहिले. ईश्वर आतल्या दालनात एकटाच रडत आहे आणि तोरा वाचणारा आत जाऊन त्याच्यासह रडू शकतो, असे त्यांनी त्या काळात सांगितले. दुःखाचे कारण त्यांना सापडले नव्हते. परंतु पाठ चुकला नाही. ते कागद त्यांनी जमिनीत पुरावयास दिले आणि सापडतील त्याने पॅलेस्टाइनमधील आपल्या भावाकडे पाठवावेत, अशी चिठ्ठी जोडली. १९४३ मध्ये त्यांची हत्या झाली. युद्धानंतर कागद ढिगाऱ्याखाली सापडले आणि १९६० साली इस्राएलमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

आपल्यावर तसा प्रसंग नाही, आणि तशी तुलनाही करू नये. आपले संकट सौम्य आहे, म्हणूनच ते लवकर ध्यानात येत नाही. गणेशोत्सव आणि दिवाळी अंक यांवर आपली भाषा वर्षातून दोनदा जेवते. मधल्या आठवड्यांचे काय? मंडळाने पन्नास वर्षे शेगडी पेटती ठेवली, त्याबद्दल जुन्या कार्यकर्त्यांना आमचे वंदन. एक्कावन्नाव्या वर्षी एवढेच सुचवावेसे वाटते, की दर रविवारी एखाद्या सभासदाच्या घरी एक तास मराठी वाचन व्हावे, ओवी असो वा कथा, आणि वाचणारा शक्यतो घरातील सर्वांत लहान असावा. तो अडखळेल, आपण थांबावे. पण पुढच्या रविवारचे पान त्याच दिवशी ठरवूनच उठावे.