हॉटेलात जायचे ठरते तेव्हा



या व्यासपीठावर वेदान्तापासून अणुशक्तीपर्यंत सर्व विषय होऊन गेले. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कायद्याच्या पुस्तकावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत झालेले. म्हणून आम्ही आवाक्यातला विषय घेतला : कोपऱ्यावरच्या साध्या हॉटेलात घरच्या मंडळींनी जेवायला जायचे, तर ते ठरवावे कसे? चिटणिसांनी हा विषय आम्हांला दोनदा विचारून घेतला. (हशा.)

बेत दिसतो तितका सोपा नसतो. पगार होतो, महिन्याचा पहिला रविवार उजाडतो आणि घरातली बाई म्हणते, "आज चूल नको." गॅस आला तरी आमच्याकडे अजून चूलच म्हणतात. मग चर्चा सुरू होते. आजोबांना तिखट सोसत नाही, मुलाला पावभाजीच हवी, मुलीला डोसा. आणि पैसे देणाऱ्याचा हिशेब असा की, चार थाळ्या मागवून सहाजणांनी वाटून घ्याव्यात. हा वाद जितका रंगतो तितका आमच्या सभेत पगारवाढीचा ठरावही रंगत नाही. आम्हांला त्यात गैर काही वाटत नाही. आठवड्याचे सातही दिवस दोन्ही वेळा रांधणाऱ्या बाईच्या रजेचा कायदा अजून कोणी केलेला नाही. ती रजा घरच्यांनीच मंजूर करायची असते.

मुंबईच्या गिरणगावात बाहेर जेवणे ही हौस नव्हती. बायकामुले कोकणात किंवा घाटावर, आणि गडीमाणसे एका खोलीत दहा-दहा राहणारी. ती महिन्याच्या बोलीवर खाणावळीत जेवत. या खाणावळी पुष्कळदा कामगारांच्याच घरच्या बायका आपल्या खोलीत चालवीत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज त्यांच्या हाती पडेल अशी वाट काढली. जेवू घालणारी बाईसुद्धा कामगारच, हे आमच्या चळवळीने फार उशिरा ओळखले, असे आमचे मत आहे.

आता हॉटेलाच्या आतल्या बाजूला चला. आपली सुट्टी रविवारी, म्हणून तेथले सर्वांत जड काम रविवारीच. आमच्याकडे येणारे वाढपी आपला दिवस सांगतात तो असा : सकाळी टेबले पुसणे, मग नाश्ता, मग दुपारच्या थाळ्या. मधे तीन ते पाच 'ब्रेक'. त्याचा पगार नाही आणि बिऱ्हाड लांब, म्हणून जाऊन येण्याची सोयही नाही. तेथेच तांदळाच्या पोत्यांवर आडवे व्हायचे. मग रात्री शेवटचे गिऱ्हाईक उठेपर्यंत पुन्हा उभे. झोपायला माळा, जेवण मालकाचे. आणि पगारवाढ मागितली की मालक तेच जेवण मोजून दाखवतो.

कायदा नाही असे नाही. २०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, आठवड्यातून एक सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवला. पण तो १० किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे. कोपऱ्यावरच्या हॉटेलात आचाऱ्यापासून कपबशा धुणाऱ्यापर्यंत सगळे मोजले तरी आठ भरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० माणसांवर आणि दिवसाचे काम १० तासांवर नेण्यास मान्यता दिली. म्हणजे आपण ज्याला घरचे हॉटेल म्हणतो, नेमका तेथेच या कायद्याचा हात आखूड पडतो. किमान वेतन मात्र माणसे कितीही असोत, द्यावेच लागते. ते किती, हे वाढप्याला कोणी सांगत नाही. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेलात चौदा वर्षांखालील मूल कामाला ठेवण्यास बंदी झाली. 'ए पोऱ्या' ही हाक तेवढी राहिली, आणि ती पन्नाशीच्या माणसालाही मारली जाते.

तेव्हा बेत करताना जमल्यास मधला वार धरावा. रविवारच हवा असेल तर आठाच्या आत पोहोचावे. पाचसहापेक्षा जास्त माणसे असतील तर दुपारीच सांगून ठेवावे, म्हणजे आचारी डाळ-भात बेताने चढवतो आणि टेबले जोडताना धावपळ होत नाही. साडेदहाला शेवटची थाळी मागवून पुढे तासभर राजकारणावर बोलत बसणारा गृहस्थ वाढप्याची शेवटची बस चुकवतो. मग तो राजकारणात कोणत्याही बाजूचा असो. (टाळ्या.)

बिलही वाचावे. सेवा आकार परस्पर लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी ठरवले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. युनियनवाले असून तुम्हांला हे कसे पटते, असे लोक विचारतात. तो आकार वाढप्याच्या खिशात पडतो याची खात्री कोण देणार? बक्षिसी द्यायची तर हातात द्यावी. मात्र मागे भांडी घासणारी बाई टेबलापाशी कधी येतच नाही. तिचे पोट बक्षिसीवर नव्हे, पगारावरच चालायचे आहे.

मालकावाचून हॉटेल चालत नाही, असेही ऐकतो. १९५७ साली कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करून नोकर काढले, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्या नोकरांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली बंगळूरला, आणि ऑक्टोबरात दिल्लीचे कॉफी हाउस उघडले. वाढणारेच तेथे भागीदार झाले. आपल्या गावात आम्ही अशी बोलणी दोनदा केली, ती भांडवलापाशी अडली.

येत्या रविवारी जाल तेव्हा वाढप्याला एक विचारा : "तुमची सुट्टी कोणत्या वारी असते?" सुट्टीच नाही म्हणाला, तर आमच्या कचेरीचा पत्ता द्या. संध्याकाळी त्याला येता येत नाही, म्हणून कचेरी आता दुपारी तीन ते पाचही उघडी असते.