आईचे रकाने



आज नर्सिंगची पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी बरेच जण समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून एखाद्या उपकेंद्रावर रुजू व्हाल. तिथे लवकरच तुमच्या हाती माता-बाल संरक्षण कार्ड येईल. आईचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी, सगळं त्यात लिहिलेलं असतं. बाळ जन्मतं, त्याचे डोस सुरू होतात आणि आईचे रकाने हळूहळू कोरे पडतात. आज मला त्या कोऱ्या रकान्यांबद्दल बोलायचं आहे.

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर जिचा रक्तदाब 140/90 वर गेला, लघवीत प्रथिनं सापडली, तिला आपण जिवापाड जपतो. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतो, तिची सुखरूप सुटका करतो. घरी सोडताना सांगतो, "आता बीपी उतरलं, काळजी नको." हे सांगणं चूक आहे. अशा स्त्रीला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका इतर बायकांच्या सुमारे दुप्पट असतो. गरोदरपणात जिची साखर वाढली, तिच्यामागे मधुमेह लागण्याची आणि त्यापाठोपाठ हृदय बिघडण्याची शक्यता बरीच. म्हणजे ऐन विशीत तिच्या शरीराने पन्नाशीतल्या दुखण्याची सूचना दिली, आपण ती स्वतःच्या हाताने लिहूनही घेतली, आणि तो कागद लसींच्या तारखांपुरता उरला. जगभर स्त्रियांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे. तरीही बाईचं आरोग्य म्हटलं की आपली नजर गर्भाशयापाशीच थबकते. याचा मला राग येतो, आणि तुम्हालाही यावा असं वाटतं.

भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांची नजर तिथे थबकली नाही. रंगूनला वैद्यकीचं शिक्षण, युद्धामुळे बर्मा सोडून भारतात येणं, मग अमेरिकेत हेलन टॉसिग आणि पॉल डडली व्हाइट यांच्यासारख्या हृदयरोगतज्ज्ञांच्या हाताखाली धडे, आणि अखेर दिल्लीचं लेडी हार्डिंग महाविद्यालय असा त्यांचा प्रवास. 1959 साली त्यांनी एका सहकाऱ्यासोबत 127 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विषय होता फुप्फुसं खराब झाल्यामुळे हृदयाची उजवी बाजू निकामी होण्याचा. पाश्चात्त्य पुस्तकांत हा मुख्यतः धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा आजार. दिल्लीत मात्र कधी विडीला हात न लावलेल्या बायका त्याने खंगत होत्या, आणि पुरुषांपेक्षा कमी वयात. कारण शोधता शोधता पद्मावती चुलीच्या धुरापर्यंत, शेणीच्या जळणापर्यंत पोचल्या. 2020 साली, वयाच्या 103व्या वर्षी त्या गेल्या, आणि नव्वदी उलटल्यावरही त्या रुग्ण तपासत असत.

चूल अजून विझलेली नाही. घरात गॅस आला तरी अंघोळीचं पाणी आणि भाकरी पुष्कळ ठिकाणी चुलीवरच होते. तेव्हा तपासायला आलेल्या बाईला जळणाचं विचारा. तंबाखूचं विचारतानाही जरा नीट विचारा. "तंबाखू खाता का?" म्हटलं तर ती मनापासून नाही म्हणेल, कारण तंबाखू भाजून केलेली मशेरी तिच्या लेखी दात घासायची वस्तू. "मशेरी किती वेळा लावता?" असं विचारलंत तर खरं उत्तर मिळेल.

हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखणं हे बायकांमध्येही मुख्य लक्षण आहे. पण धाप लागणं, पाठ किंवा जबडा दुखणं, मळमळ, दरदरून घाम, अंगातलं त्राण जाणं, हे त्यांच्यात जास्त दिसतं. ती म्हणते पित्त झालंय, घरचे सोडा पाजतात, आणि मोलाचे तास निघून जातात. पित्तावर शिक्का मारण्याआधी ईसीजी काढा. तुमच्याकडे यंत्र नसेल तर 108ला फोन लावा.

आता एक काम तुमच्यावर सोपवतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. या टोळ्यांतल्या बायकांची गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रिया इतक्या वाढल्या की सरकारला 2019 साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. पण त्या बायकांच्या हृदयाविषयी फारसं कुणी बोललं नाही. पंचेचाळिशीच्या आत पिशवीबरोबर अंडाशयही काढले, तर रजोनिवृत्ती अकाली येते, इस्ट्रोजेनचं संरक्षण एकदम तुटतं आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. तरणीताठी बाई समोर बसलेली असते, म्हणून आपण तिचा रक्तदाबही मोजत नाही.

टोळ्या हलण्याआधी आशाताईंना सोबत घेऊन वस्तीवर जा. पिशवी काढली का, कितव्या वर्षी, अंडाशय ठेवले का, बाळंतपणात बीपी वाढलं होतं का, हे प्रत्येकीला विचारा आणि लिहून ठेवा. जिची रक्तदाबाची गोळी चालू आहे, तिला हंगामभर पुरेल एवढा साठा मिळावा यासाठी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मागे लागा, आणि ही मागणी पावसाळ्यातच नोंदवा, ऐन दिवाळीत ती पुरी होत नाही. गोळीचं नाव आणि शेवटचं बीपी लिहिलेली चिठ्ठी तिच्यापाशी द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या दवाखान्यात तिला पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागणार नाही. हंगाम संपवून ती परतेल, तेव्हा तिच्या रकान्यात पुढचा आकडा तुम्ही भरायचा आहे.