फुकट खिडकीमागची माणसं

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरतं घेतलं आहे.)



चिटणीस म्हणाले, "काका, संगणकावर बोला, म्हणजे मुलंही बसतील." म्हणून विषय संगणकातला घेतलाय. पण त्यातून मला आपल्या सोसायटीकडेच यायचं आहे.

माझी नात इंजिनिअरिंगला आहे. तिने मला 'सिमपाय लाइव्ह' नावाची एक खिडकी दाखवली. संगणकवाले तिला 'शेल' म्हणतात. आपण बँकेचा काउंटर समजू. स्लिप आत सरकवली की आतून उत्तर येतं. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, उत्तर पाहायचं आणि त्यावरून पुढची ओळ लिहायची. काही विकत घ्यायचं नाही, काही इन्स्टॉल करायचं नाही. मोबाइलवरही चालतं.

आतलं गणित करणारी 'सिमपाय' ही व्यवस्था ओंद्रेय चेर्तिक या चेक विद्यार्थ्याने २००५ मध्ये सुरू केली. ती पायथन या संगणकभाषेत लिहिलेली आहे. साध्या पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारलं तर उत्तर येतं ०.३, त्यापुढे पंधरा शून्यं आणि शेवटी एक ४! संगणक आकडे दोनाच्या पटीत साठवतो आणि एक दशांश त्यात तंतोतंत बसत नाही, म्हणून असं होतं. माझ्यासारख्या टॅली जुळेपर्यंत घरी न जाणाऱ्या माणसाच्या पोटात गोळाच आला. सिमपायला मात्र हेच आकडे अपूर्णांकात दिले की ती नेमकं ३/१० सांगते. माझी तिच्याशी तिथेच गट्टी जमली.

आता हे सगळं 'ओपन सोर्स' आहे. म्हणजे आतली वही कोणीही उघडून वाचावी, सुधारणा सुचवावी, स्वतःच्या कामाला वापरावी. मी नातीला बँकवाल्याचा प्रश्न विचारला, "मग हे सांभाळतं कोण?" ती म्हणाली, "ज्यांना सांभाळावंसं वाटतं ते." यातले बरेचसे लोक नोकरी-अभ्यास सांभाळून, उरलेल्या वेळात हे करतात. 'गुगल समर ऑफ कोड' या उपक्रमातून आपल्या देशातल्या अनेक विद्यार्थ्यांनीही सिमपायसाठी काम केलं आहे.

एकदा बांधून झालं की काम संपलं, असं वाटतं ना? आपल्यालाही पंचवीस वर्षांपूर्वी चाव्या हातात आल्या तेव्हा तसंच वाटलं होतं. मग गच्ची गळली, पंप बसला, लिफ्टचा दोर बदलावा लागला. या खिडकीचंही तसंच.

पहिली अडचण, येणारा माणूस अनोळखी. तो काहीही लिहील. कधी न संपणारं गणित घालील आणि आतलं यंत्र गरगरत बसेल. म्हणून वेळेची मर्यादा घालावी लागते आणि एकाच्या चुकीचा त्रास दुसऱ्याला होऊ नये अशी व्यवस्था ठेवावी लागते.

दुसरी अडचण, पायाच हलतो. ही खिडकी आधी गुगलच्या भाड्याच्या यंत्रणेवर, पायथनच्या जुन्या, दुसऱ्या आवृत्तीवर चालायची. त्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० पासून बंद झाला. भिंती शाबूत, पण पाया नवा घालायचा, अशी वेळ आली. पुढे 'पायोडाइड' नावाचं साधन हाताशी आलं. ते २०१८ मध्ये मोझिलात सुरू झालं होतं. त्याने पायथनच तुमच्या ब्राउझरमध्ये आणून बसवलं. आता गणित दूरच्या यंत्रावर होत नाही, तुमच्याच मोबाइलवर किंवा संगणकावर होतं. दूरच्या यंत्रावरचा भार गेला. पण देखभाल संपली का? नाही. आता ब्राउझर बदलतात, पायोडाइड बदलतं, आणि सगळ्यांशी जुळवून घेत राहावं लागतं.

तिसरं काम सगळ्यात किचकट, आणि ते माणसांचं. कोणी नुसतं कळवतो, "चालत नाही." मग विचारा: काय लिहिलं होतं, कुठल्या ब्राउझरमध्ये, काय दिसलं? कोणी दुरुस्ती करून पाठवतो, तर ती तशीच घ्यायची नाही. बँकेत व्हाउचर एकाने करायचं आणि पास दुसऱ्याने करायचं, हा नियम होता. इथेही तोच. नातीने पाठवलेली छोटीशी दुरुस्ती दोनदा प्रश्न विचारून, तपासणी जोडायला लावून मगच घेतली. ती जरा हिरमुसली. मी म्हटलं, "बेटा, न बघता पास करणाऱ्या ऑफिसरपेक्षा हा बरा."

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. पायथन ज्यांनी घडवली, ते गिडो व्हॅन रॉसम अनेक वर्षं शेवटचा शब्द सांगत असत. जुलै २०१८ मध्ये त्यांनी ते पद सोडलं आणि आपला वारसदारही नेमला नाही. पुढे कसं चालवायचं ते तुम्हीच ठरवा, म्हणाले. काम करणाऱ्यांनी चर्चा केली, मतदान केलं आणि २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांची समिती निवडली. भाषा थांबली नाही.

आता घरचं बोलतो. मी ७६ वर्षांचा आहे. अकरा वर्षं सोसायटीचे हिशेब बघतोय. गेल्या दोन वार्षिक सभांत "नवीन नावं?" असं विचारलं की सगळे छताच्या पंख्याकडे बघतात. पाणी येतं, जिन्यातला दिवा लागतो, ऑडिट वेळेवर होतं, म्हणून आपोआप होतंय असं वाटतं. मेंटेनन्सचे पैसे आपण सगळेच देतो. पण पैशाने पंप येतो. पंपवाल्याला तीनदा फोन करणारा माणूस त्यात येत नाही.

मी पुढच्या सभेत खजिनदारपद सोडणार आहे. वह्या जुळलेल्या आहेत, थकबाकीची यादी वेगळी काढली आहे, आणि कुठलं काम कोणत्या महिन्यात करायचं ते एका फुलस्केप वहीत लिहून ठेवलंय. ती वही कोणीही उघडून बघावी. लगेच खजिनदार व्हा, असं माझं म्हणणं नाही. एकाने वीजबिल बघावं, एकीने टाकीची सफाई, एखाद्या कॉलेजच्या मुलाने हिशेब संगणकावर चढवावेत. तपासायला मी आहेच. दोनदा प्रश्न विचारीन, रागवायचं नाही!

रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात असतो. चहा माझ्याकडून. या.