अक्षसूक्तातील द्यूतकार



ऋग्वेदाच्या १० व्या मंडलातील ३४ वे सूक्त म्हणजे अक्षसूक्त. त्यातील द्यूतकार पुन्हा न खेळण्याचा निश्चय करतो. पण बेहड्याचे फासे खुळखुळताच त्याची पावले तिकडे वळतात. पत्नी दुरावली, सासू द्वेष करते, आईबाप ओळख नाकारतात. हे सारे त्याला कळते. कळणे निराळे आणि थांबता येणे निराळे, हे त्या ऋषीने जाणले होते.

आपण मात्र धर्मराजाला दोष देऊन मोकळे होतो. अमेरिकन मनोविकार-वर्गीकरणात ही व्याधी १९८० मध्ये आली. २०१३ मध्ये ती मद्यासक्तीच्याच प्रकरणात गेली. कंपवाताच्या काही रुग्णांना डोपामाइनसदृश औषधांनी जुगाराची अनावर ओढ लागते आणि औषध कमी केल्यावर ती बहुधा ओसरते. निव्वळ चारित्र्यदोष असता तर तो गोळीने वाढता-घटता ना!

‘इतक्यांदा हरलो, आता माझी पाळी’ हा द्यूतकाराचा सिद्धान्त. फाशाला मागची आठवण नसते. मानसोपचारात हा चुकीचा हिशेबच रुग्णासमवेत तपासला जातो. गमावलेले परत मिळवण्यासाठी तो धावत असतो. म्हणून घरच्यांनी गुपचूप कर्ज फेडले की धाव लांबते. पैशाचा व्यवहार काही काळ दुसऱ्याच्या हाती द्यावा, हे बरे. मांडवीतील कॅसिनोंचे दिवे निदान दुरून दिसतात. खिशातल्या मोबाइलवरचा डाव घरात कुणाला दिसत नाही. आणि अशा माणसाच्या तोंडून जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाली, तर उपदेश बाजूला ठेवून त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे न्यावे.