कापूस घरचा, कापड कुणाचें?

यवतमाळ जिल्हा हा कपाशीचा जिल्हा म्हणून सर्व देशाला परिचित आहे. वणी, राळेगांव, घाटंजी, पांढरकवडा या भागांतील काळ्या जमिनींत पिकणाऱ्या कापसाला लोक कौतुकानें 'पांढरें सोनें' म्हणतात. अशा या जिल्ह्यांतील घरांत नवें वस्त्र येतें, तें आतां पुष्कळदां गांवच्या पेठेंतून येत नाहीं. तें मोबाइलच्या पडद्यावरून येतें. तेथें 'ऑनलाइन बुटीक' या नांवानें जीं दुकानें मांडलेलीं असतात, त्यांपैकीं कांहींचा व्यवहार कसा चालतो आणि त्यांत गिऱ्हाइकानें काय जाणून घ्यावें, याचा विचार सुशिक्षित कुटुंबांनीं अवश्य केला पाहिजे.

या व्यवहाराची रीत सोपी आहे. एक हंगाम टिकेल न टिकेल अशा बेतानें, झपाट्यानें आणि ढिगांनीं शिवलेल्या कपड्यांना 'फास्ट फॅशन' असें नांव पडलें आहे. चीनसारख्या देशांतून येणारा असा माल घाऊक बाजारांत अत्यल्प दरानें मिळतो. बुटीकचा चालक कारखानदाराचींच चित्रें उचलतो, त्यांवर आपल्या दुकानाचें गोंडस नांव घालतो, 'मोजकेच नग शिल्लक' अशी पुस्ती जोडतो आणि घाऊक दराच्या तिपटी-चौपटीचा आंकडा खालीं लिहितो. पुष्कळदां तो माल त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलाही नसतो. गिऱ्हाइकाचे पैसे हातीं पडले म्हणजे तो घाऊक व्यापाऱ्याला मागणी कळवितो आणि व्यापारी परस्पर गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर पार्सल धाडतो. समजा, तीनशें रुपयांचा कुडता बाराशें रुपयांस विकला गेला. जाहिरात आणि कुरिअर यांचा खर्च वजा केला तरी मोठी रक्कम उरते. आणि त्या रकमेनें कापडाची प्रत एका दोऱ्यानेंही सुधारलेली नसते. सुधारलेलें असतें तें केवळ चित्र.

कापूस एकाचा, कापड दुसऱ्याचें आणि नफा तिसऱ्याचा, हा अनुभव वऱ्हाडला अगदींच नवा नाहीं. १८५३ सालीं वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हातीं गेला. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें; तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकीं भाव आला. विसाव्या शतकाच्या आरंभीं मूर्तिजापूर ते यवतमाळ असा अरुंद मापाचा लोहमार्ग घालण्यांत आला. त्याची व्यवस्था किलिक निक्सन या इंग्रज कंपनीकडे होती, आणि त्याचा मुख्य हेतु कापसाच्या गांठी बंदराकडे नेणें हा होता. लोक जिला प्रेमानें 'शकुंतला' म्हणत, ती हीच गाडी. तिचें १९२१ सालीं बनविलेलें वाफेचें इंजिनसुद्धां मॅन्चेस्टरचेंच होतें, आणि तें १९९४ पर्यंत धांवत होतें. रुई ज्या दिशेनें गेली, त्याच दिशेनें विलायती कापड परत आलें. आणि त्या कापडाची किंमत कापूस पिकविणाऱ्यानेंही भरली.

तथापि त्या काळच्या आणि आजच्या व्यवहारांत एक मोठा भेद आहे, आणि तोच या विषयाचा गाभा होय. मॅन्चेस्टरचा गिरणीवाला परकीय राज्यसत्तेचा फायदा घेत होता, हें निर्विवाद. परंतु रुईचें सूत आणि सुताचें कापड करण्याचें काम तरी तेथें घडत असे. म्हणूनच त्याला येथें गिरणी उभारून उत्तर देतां आलें. जमशेटजी टाटा यांची नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली, ती अशा उत्तरांपैकींच एक होती. यवतमाळजवळ लोहारा येथेंही पुढें डेनिम कापडाचा मोठा कारखाना उभा राहिला. पण जेथें मधल्या माणसानें मालावर कांहीं कामच केलेलें नाहीं, तेथें कारखाना काढून उत्तर देतां येत नाहीं. तेथें उत्तर एकच असतें, आणि तें म्हणजे गिऱ्हाइकाचें ज्ञान.

याचा अर्थ नफा घेणें हें पाप आहे असा कोणी करूं नये. तालुक्याच्या गांवचा जुना कापडवाला नफा घेतच असे. परंतु तो माल आधीं स्वतःच्या पैशानें आणून ठेवी. विकला नाहीं तर नुकसान सोशी. तो गिऱ्हाइकापुढें ताका उलगडी, कापड हातांत देई, रंग गेला तर बोलणीं ऐकून घेई, आणि कापूस विकला जाईपर्यंत शेतकऱ्याची उधारीही वहींत मांडून ठेवी. त्याचा नफा हा या जोखमीचा आणि या सेवेचा मोबदला होता. आजही ज्या गृहिणी घरबसल्या मोबाइलवरून कपडे विकतात, त्यांतील पुष्कळजणी माल स्वतः पारखून आणतात, मापांत चूक झाल्यास बदलून देतात आणि आपलें नांव-गांव लपवीत नाहींत. त्यांचा नफा हा त्यांच्या श्रमाचा आहे. दोष नफ्यांत नाहीं. माल कुठला, कशाचा आणि कोणाचा, हें झांकून ठेवून घेतलेल्या नफ्यांत आहे.

झांकलेलें काय असतें, तें थोडक्यांत पाहण्यासारखें आहे. पहिली गोष्ट धाग्याची. जगांत दरवर्षीं तयार होणाऱ्या एकंदर धाग्यांपैकीं निम्म्याहून अधिक धागा पॉलिएस्टरचा असतो आणि स्वस्त कपड्यांत त्याचाच भरणा विशेष. 'सुती' म्हणून आलेल्या कपड्याच्या आंतल्या कडेच्या कापडांतील एक दोरा काढून, सांभाळून जाळून पाहावा. सुती दोरा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचा वास येतो आणि मागें मऊ राख उरते. पॉलिएस्टरचा दोरा वितळून त्याची कठीण गोळी बनते. दुसरी गोष्ट श्रमाची. २४ एप्रिल २०१३ रोजीं बांगलादेशांत ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसें मृत्यु पावलीं. तेथें परदेशांतील दुकानांसाठीं कपडे शिवले जात होते. चौपट किंमत देणाऱ्याला वाटतें, यांतील कांहीं अंश शिवणाऱ्या हातांनाही पोहोंचत असेल. तसें घडत नाहीं. शिवणाऱ्याची मजुरी घाऊक दरांतच ठरून गेलेली असते. वरची वाढ तिच्यापर्यंत जात नाहीं.

तिसरी गोष्ट कापसाची. २०२५-२६ च्या हंगामासाठीं लांब धाग्याच्या कापसाची हमी किंमत क्विंटलला ८११० रुपये ठरली. क्विंटलभर कापसांतून सुमारें ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. एका साध्या सुती कुडत्याला, कातण्या-कापण्यांतील घट धरून, सुमारें चारशें ग्रॅम रुई लागते असें मानलें, तर त्यासाठीं बाराशें ग्रॅमच्या आंतबाहेर कापूस लागेल. म्हणजे शेतकऱ्याच्या वाट्याला शंभर रुपयांच्या आंतच रक्कम आली. कुडता तीनशेंला विकला गेला काय किंवा बाराशेंला, हा आंकडा बदलत नाहीं. आणि कुडता पॉलिएस्टरचा निघाला तर या जिल्ह्याच्या वाट्याला तेवढेंही येत नाहीं.

किती नफा घ्यावा, हें कपड्यांच्या बाबतींत कायदा ठरवून देत नाहीं. मात्र काय लपवूं नये, हें तो स्पष्ट सांगतो. आयात केलेल्या बांधीव मालावर मूळ देश, आयात करणाराचें नांव व पत्ता आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापलेली असली पाहिजे. त्या किंमतीवर वाढीव किंमतीची चिठ्ठी डकवणें हा गुन्हा आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला. पाठोपाठ ई-व्यापाराचे नियमही आले. त्यांप्रमाणें विक्रेत्यानें आपलें नांव, पत्ता आणि माल परत घेण्याच्या अटी दाखविल्या पाहिजेत. माल सदोष निघाला किंवा वर्णनाप्रमाणें नसला, तर तो परत घेण्यास नकार देतां येत नाहीं. तक्रारीची पोंच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यांत व्हावें, असाही नियम आहे. दाद न लागल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य मिळतें. पुढें जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि तेथें पांच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क पडत नाहीं. यास्तव पैसे धाडण्यापूर्वीं विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत : माल कोणत्या देशाचा, धागा कोणता, आणि परत द्यावयाचा झाल्यास कोणत्या पत्त्यावर? प्रामाणिक विक्रेता तत्काळ उत्तर देईल. जो उत्तर टाळील, त्याच्याकडील खरेदी टाळावी, इतका हा सरळ हिशेब आहे. तेंच चित्र इतर दुकानांत शोधून पाहिलें, तर पुष्कळदां तोच कपडा पाव किंमतींत सांपडतो.

शेतकरी आपला कापूस घेऊन खरेदी-केंद्रावर उभा राहतो, तेव्हां त्याच्या मालाची कसून परीक्षा होते. व्यापारी चिमूटभर रुई बोटांत ओढून धाग्याची लांबी पाहतो. यंत्रानें ओलावा मोजतात. तो शेंकडा ८ च्या वर गेला तर भाव कापतात, १२ च्या वर गेला तर सरकारी खरेदींत तो माल घेतच नाहींत. वर्षभर राबलेल्या माणसाच्या मालाला एवढे प्रश्न विचारले जातात आणि तो ते निमूटपणें ऐकून घेतो. मग ज्यानें कापड पाहिलेंही नाहीं, त्याच्या कापडाला एकही प्रश्न न विचारतां चौपट किंमत मोजावी, हा न्याय कोणता? शेतकऱ्याच्या कापसाला जी कसोटी लागते, तीच कपाटांत येणाऱ्या कापडालाही लावली जावी, एवढीच अपेक्षा आहे.