दीक्षितबाईंचा वर्ग



बेंगळुरूत नव्याने आलेला माणूस कन्नड शिकायला बसला की त्याची लवकरच एका मांजराशी गाठ पडते. 'हालु बेकु' म्हणजे दूध हवं. पण 'बेकु'तल्या 'क'वर जरा जास्त जोर पडला, 'बेक्कु' झालं, की तेच मांजर! आपण मराठी माणसं शेजारच्या बाईंना आपुलकीने 'ताई' म्हणतो, आणि कन्नडात 'तायी' म्हणजे आई. वर्ग खळखळून हसतो. फळ्यापाशी उभी असलेली व्यक्ती मात्र हसत नाही, शांतपणे 'पुन्हा म्हणा' म्हणते. तिने तोंड गंभीर ठेवलं म्हणूनच हसू जास्त फुटतं.

अशाच वर्गावर 1993 साली दूरदर्शनवर एक मालिका आली, 'जबान संभालके'. तिच्यातल्या भाषासंस्थेच्या करारी प्राचार्या, मिस लाजवंती दीक्षित, ज्यांनी उभ्या केल्या त्या शुभा खोटे यांच्याविषयी मला आज बोलायचं आहे.

मालिकेचं मूळ इंग्लंडमधलं. 1977 साली तिथे 'माइंड युवर लँग्वेज' सुरू झाली. लंडनच्या एका शाळेत देशोदेशीचे लोक इंग्रजी शिकायला येतात, आणि झारा नटली या अभिनेत्रीने रंगवलेल्या मिस कोर्टनी त्या शाळेवर देखरेख ठेवतात. राजीव मेहरांनी ती कल्पना हिंदीत आणली. नोकरी न मिळालेला इंजिनीयर नाइलाजाने हिंदीचा मास्तर होतो. ते काम पंकज कपूर यांचं. समोरच्या बाकांवर परदेशी पाहुणे होतेच, पण आपल्याच देशातले निरनिराळ्या प्रांतांचे लोकही होते. इथेच आपली मालिका मूळ मालिकेहून वेगळी झाली. आपल्याकडे परकी भाषा शिकायला समुद्र ओलांडावा लागत नाही, रात्रीच्या गाडीत बसलं तरी पुरतं.

शुभाताईंचा जन्म 1937चा, मुंबईचा. वडील नंदू खोटे मराठी रंगभूमीवरचे आणि मूकपटांतले नट. दुर्गा खोटे नात्याने काकू. आर. के. लक्ष्मण यांच्या चित्रांतल्या सामान्य माणसावरची 'वागले की दुनिया' 1988 साली दुर्गाबाईंच्याच संस्थेने काढली. म्हणजे दूरदर्शनवरचा घरगुती, नेमस्त विनोद या कुटुंबाला चांगला ओळखीचा होता.

पण शुभाताई पडद्यावर आल्या त्या सायकलवरून. त्या राष्ट्रीय पातळीच्या सायकलपटू आणि पोहणाऱ्या. 1955च्या 'सीमा'मध्ये अमिया चक्रवर्तींनी त्यांना नूतनच्या मैत्रिणीचं, पुतळीचं, काम दिलं आणि त्यात सायकलवरचा पाठलागही ठेवला. त्या काळी पडद्यावरच्या मुली सायकल चालवत त्या गाणं म्हणण्यापुरती. ही मुलगी खरोखर वेगाने पॅडल मारत होती. पुढे त्यांच्या विनोदातही मला तोच गुण दिसतो. त्या लाडेलाडे हसवत नाहीत, अंगातल्या चपळाईने हसवतात.

मग 'छोटी बहन', 'ससुराल', 'जिद्दी'. मेहमूद, शुभा खोटे आणि धुमाळ हे त्रिकूट जमलं. प्रेमी, प्रेयसी आणि मध्ये आडवा येणारा बाप असा साधा मामला. मेहमूदची उसळी एका बाजूला, धुमाळांचा वैताग दुसऱ्या बाजूला, आणि मधली लय सांभाळायला शुभाताई. लय सांभाळणाऱ्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. तरी 1961 सालच्या 'ससुराल' आणि 'घराना' या दोन्ही चित्रपटांसाठी त्यांना फिल्मफेअरची नामांकनं मिळाली. 'चिमुकला पाहुणा' हा मराठी चित्रपट तर त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला.

आता त्यांच्या आणखी एका भूमिकेकडे वळतो. बेंगळुरूसारख्या शहरात राहणाऱ्याला ती विसरता येत नाही. 1981चा के. बालचंदर यांचा 'एक दूजे के लिये'. तमिळ मुलगा, हिंदी बोलणारी मुलगी, मधे भाषेची भिंत. मुलीच्या आईच्या भूमिकेत शुभा खोटे. ही आई त्या मुलाचा फोटो जाळून टाकते, आणि मुलगी ती राख चहात कालवून पिते. इतकी वर्षं जिला पाहून लोक हसले, तिचा तो कोरडा, कठोर चेहरा बघून त्यांच्या अंगावर काटा आला.

आणि बारा वर्षांनी तीच बाई भाषा शिकवणाऱ्या संस्थेची प्राचार्या झाली! मला हा प्रवास फार मोलाचा वाटतो. दोन्हींकडे चेहरा तोच, ताठ मान तीच, शब्द तोडून बोलण्याची धार तीच. आईच्या भूमिकेत तो ताठा दुसऱ्या भाषेच्या माणसाला दाराबाहेर ठेवतो. दीक्षितबाईंच्या खुर्चीत आला की तोच ताठा आपल्याला हसवतो, कारण शिस्तीचा एवढा दरारा असूनही त्यांच्या संस्थेतला गोंधळ काही आटोक्यात येत नाही.

खरं सांगायचं तर या मालिकेतले काही विनोद आज मला खटकतात. अमुक प्रांताचा माणूस म्हणजे अमुक वेंधळेपणा, अशी सोपी गणितं तिच्यात आहेत, आणि मूळ इंग्रजी मालिकेवरही हाच आक्षेप घेतला गेला. दीक्षितबाईंचे प्रसंग मात्र टिकले. त्यांच्यावर आपण हसतो ते त्यांच्या उच्चारासाठी नव्हे. त्या स्वतःला फार गंभीरपणे घेतात आणि शुभाताई त्या गांभीर्याला कुठेही तडा जाऊ देत नाहीत. प्रेक्षकाकडे डोळा मारून 'बघा, मी विनोद करते आहे' असं त्या एकदाही सुचवत नाहीत.

त्याच 1993मध्ये त्यांची मुलगी भावना बलसावर 'देख भाई देख'मध्ये दूरदर्शनवर लोकांना हसवत होती. आणि खुद्द दीक्षितबाईंच्या संस्थेतल्या वर्गात, विठ्ठल बापूराव पोटे नावाचा मराठी विद्यार्थी बनून, शुभाताईंचा धाकटा भाऊ बसला होता: विजू खोटे. 'शोले'तला कालिया तो हाच. बेंगळुरूहून म्हैसूरच्या रस्त्याला लागलं की तासाभरात रामनगरचे मोठमोठे खडक दिसू लागतात. गब्बरसिंगसमोर विजू खोटे थरथरत उभे राहिले ते तिथे. 'जबान संभालके'त ते बाकावर असत आणि समोर उभी असे त्यांची सख्खी थोरली बहीण.