साथीचे रोग व आपलें कर्तव्य

(सालेकसा येथें ग्रामस्थांपुढें झालेलें भाषण)



रोवणीचे दिवस तोंडावर आले आहेत. बांध्यांत व बोड्यांत पाणी सांचलें, नाले वाहूं लागले, कीं आपल्या या डोंगरकपारीच्या मुलुखांत हिवताप येतो, हें तुम्हांस नव्यानें सांगावयास नको. मी शाळामास्तर आहें, डॉक्टर नव्हे. तेव्हां कोणाला कोणती गोळी द्यावी हें मी सांगणार नाहीं. तें दवाखान्याचें काम आहे. साथ आली असतां वैद्यकशास्त्र काय करतें, तें कोठें अडतें, आणि तें अडूं नये म्हणून तुम्हीं-आम्हीं काय करावें, एवढेंच मी बोलणार आहें.

प्रथम देवीच्या रोगाचें पाहा. आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडांवर देवीचे वण असत. हा रोग म्हणजे देवीचा कोप, असें समजून लोक नवस करीत, बोकड कापीत. या रोगावरची लस मुंबईंत १८०२ सालींच टोंचली गेली होती. परंतु हिंदुस्थानांतून रोग गेला तो मे १९७५ मध्यें. जगांतून गेल्याचें १९८० सालीं जाहीर झालें. देवळांतली देवी मात्र आजहि तेथेंच आहे व तिची पूजाहि चालू आहे. मग जो गेला तो कोण होता? तो रोग होता, कोप नव्हता. आतां दुसरा प्रश्न विचारा. लस १८०२ सालीं होती, तर पावणेदोनशें वर्षें कां लागलीं? कारण लस उन्हानें नासे, दूरच्या खेड्यापर्यंत पोंचत नसे, व पोंचली तर लोक भिऊन लपत. शेवटीं न नासणारी लस निघाली, माणसें घरोघर हिंडलीं, रोगी कोठें आहे हें त्यांनीं शोधलें, त्याच्या सभोंवतालच्या सर्वांना टोंचलें, तेव्हां रोग हटला. औषध सांपडणें हें निम्मेंच काम. तें शेवटच्या झोपडींत पोंचणें हें उरलेलें निम्में.

आतां प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर व्हिएगास यांनीं हा रोग ओळखला. रोगाचा जंतु १८९४ सालींच हाँगकाँग येथें सांपडला होता. पण तो उंदराच्या पिसवेमार्फत माणसांत येतो, हें सिमाँ नांवाच्या फ्रेंच डॉक्टरनें १८९८ सालीं कराचीस दाखविलें, व तें सर्वमान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें गेलीं. तोंवर सरकारनें काय केलें? ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगांचा कायदा केला. तो अवघ्या चार कलमांचा. त्यांत सरकारचे अधिकार आहेत, न ऐकणाऱ्यास शिक्षा आहे, अंमलदारास संरक्षण आहे. रोग्याचा हक्क एका ओळींतहि नाहीं. पुण्यास गोरे शिपाई घरांत शिरले, सामान बाहेर टाकलें, माणसें ओढून नेलीं. परिणाम असा झाला कीं लोक रोगी लपवूं लागले, प्रेतें लपवूं लागले. २२ जून १८९७ रोजीं रँडसाहेबावर गोळी झाडली गेली, ही गोष्ट सर्वांस माहीत आहे. पण त्याच पुण्याजवळ त्याच वर्षीं दुसरेंहि एक काम झालें, तें तितकें सांगितलें जात नाहीं.

जोतीराव १८९० सालीं वारले होते. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई व दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांनीं गांवाबाहेर ससाण्यांच्या मळ्यांत प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना उघडला. ज्यांना शिवण्यास नातलगहि भीत, त्यांना सावित्रीबाई स्वतः आणीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनीं पाठीवर घालून आणलें, असें सांगतात. त्यांना प्लेग झाला व १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. प्लेगवर गुणकारी औषध तेव्हां कोणाजवळच नव्हतें, सरकारजवळ नव्हतें व सावित्रीबाईंजवळहि नव्हतें. मग फरक कशाचा? शिपाई दिसला कीं रोगी लपे. सावित्रीबाई दिसल्या कीं रोगी सांपडे. साथींत रोगी सांपडणें हीच पहिली गोष्ट आहे. जबरदस्तीनें ती साधत नाहीं, माणुसकीनें साधते.

त्याच जानेवारींत मुंबईंत हाफकिन यांनीं प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. पुढें १९०२ सालीं पंजाबांतील मलकोवाल गांवीं एका बाटलींतील लसीनें १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. हाफकिन यांच्यावर ठपका आला. नंतर चौकशींत हें सिद्ध झालें कीं दोष लस बनविण्यांत नव्हता, बाटली उघडतांना झाला होता. १९०७ सालीं ते निर्दोष ठरले. हें मी मुद्दाम सांगतों. शास्त्राच्या हातून अपघात होतात. शास्त्राचा मोठेपणा इतकाच कीं तें चौकशी करतें व चूक दिसली तर सुधारतें. म्हणून आपण प्रश्न विचारावा, पण उत्तर येण्यापूर्वींच पळून जाऊं नये.

२०२० सालीं करोना आला तेव्हांहि तोच १८९७ चा कायदा लागू झाला. लस मात्र वर्षाच्या आंत निघाली, आपल्या पुण्यांतहि तयार झाली, व १६ जानेवारी २०२१ पासून देशभर टोंचूं लागले. शास्त्र धांवलें; पण टाळेबंदींत आपले मजूर शेंकडों मैल पायीं चालत घरीं आले, त्यांना तें धांवणें कोठें उपयोगी पडलें?

आतां आपल्या हिवतापाकडे येऊं. हा ताप डांसांमार्फत पसरतो, याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस सांपडला. १९४७ च्या सुमारास देशांत दरसाल अंदाजें साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व आठ लाख मरत. १९५३ सालीं सरकारनें मोहीम काढली, घरोघर डी.डी.टी. फवारली, व १९६५ सालीं रोगी अवघे एक लाखावर आले. सर्वांस वाटलें, झालें काम. फवारणी ढिली पडली, डांस औषधाला सोकावले, जंतु गोळ्यांना दाद देईनात. १९७६ सालीं रोगी चौसष्ट लाखांवर गेले. आज ताप पुष्कळ कमी झाला आहे. पण जंगलकाठीं तो टिकून आहे, आणि आपण जंगलकाठचेच आहोंत.

म्हणून माझें सांगणें साधें आहे. ताप आला कीं त्याच दिवशीं आशाताईकडून बोटाचा थेंब तपासून घ्या. एका जातीचा हिवताप मेंदूंत शिरून दोन-तीन दिवसांत प्राण घेतो. दुसऱ्या जातीचे जंतु यकृतांत दडून बसतात, म्हणून त्याच्या गोळ्या चौदा दिवस असतात. तिसऱ्या दिवशीं बरें वाटलें म्हणून रोवणीला जाऊन गोळ्या टाकून देणें म्हणजे तोच ताप पुन्हां बोलावणें. एकाची गोळी दुसऱ्यास देऊं नका. गरोदर बाईला व तान्ह्या मुलाला कांहीं गोळ्या चालत नाहींत. मच्छरदाणी मासे धरण्यास किंवा धान्य झांकण्यास नाहीं. ती पोरांवर बांधा. भुमक्याकडे जाऊं नका असें मी म्हणत नाहीं, तोहि आपलाच माणूस आहे. त्यानेंच “आधीं रक्त दाखव, मग माझ्याकडे ये,” असें म्हटलें, तर त्याचा मान वाढेलच. हत्तीपायाच्या गोळ्याहि समोर गिळा, मुठींत घेऊन गटारांत टाकूं नका. सुजलेला पाय पुन्हां पहिल्यासारखा करणारी गोळी नाहीं. तो सुजण्यापूर्वींच घ्यावयाची आहे.

पण सारा उपदेश गरिबालाच करणें हा अन्याय होईल. चौदा दिवस गोळी घ्या म्हणावयाचें, आणि गोळ्या संपल्या म्हणून परत पाठवावयाचें, हें चालणार नाहीं. तपासणीच्या पट्ट्या व गोळ्या पावसापूर्वीं गांवांत आल्या कीं नाहीं, डॉक्टरची जागा भरलेली आहे कीं रिकामी, फवारणी कोणत्या दिवशीं होणार, हें ग्रामसभेंत विचारा व ठराव लिहून घ्या. उत्तर न आल्यास अर्ज करा. अर्ज लिहिण्यास मी व वरच्या वर्गाचीं मुलें शाळेच्या ओट्यावर दर रविवारीं बसूं. शाईकागद आमचा, सही तुमची.

औषध शोधणाऱ्यांनीं आपलें काम केलें आहे. ताप लपवूं नये हें आपलें काम, व औषध दारीं पोंचवावें हें सरकारचें. यंदा या गांवांत तापाचा एकहि रोगी लपला नाहीं व एकहि गोळीवांचून परत गेला नाहीं, असें दिवाळीनंतरच्या मंडईंत आपल्याला सांगतां यावें, इतकीच माझी इच्छा आहे.